फियाट ११०० डी: मूळ फिकट हिरव्याच्या शोधात

गाडी १९६९ची, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनलेली. पत्र्याचं काम संपलं, सडलेला फ्लोअर बदलून झाला, अस्तरही (प्रायमर) मारून झालं. ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधल्या गॅरेजात ती आता करड्या रंगात उभी आहे आणि पावसाळाभर तशीच राहणार आहे. तोवर रंग जुळवण्याचं काम पुरं करायचं असं ठरवलं होतं. ते आता बहुतेक झालंय, म्हणून सगळं तपशिलात लिहितो.

हा फिकट हिरवा आज कुठल्याच शेड कार्डवर नाही. इटलीतल्या त्या काळच्या फियाटना डिकीच्या झाकणाला आतून रंगाची चिठ्ठी असायची, नाव आणि नंबरासकट. माझ्या गाडीवर तसं काही सापडलं नाही. आरसी बुकात नुसतं ‘हिरवा’. आरटीओच्या नोंदीला तेवढं पुरतं, रंग बनवायला नाही. म्हणजे साक्षीदार एकच, गाडी स्वतः. म्हणून पत्रा खरवडायच्या आधीच नमुने काढून ठेवले होते. तुमची गाडी अजून उघडली नसेल तर हे काम सगळ्यात आधी करा, कारण एकदा रंग काढायचा रिमूव्हर लागला की विचारायला कोणी उरत नाही.

बाहेरच्या पत्र्यावर विसंबू नका. बॉनेट आणि टप (छत) उन्हाने पार उडालेले असतात, आणि वर कधीतरी कोणीतरी डुको (लवकर वाळणारा लॅकर रंग) मारलेला असतोच. कारखान्याचा थर कुठला आणि नंतरचा कुठला हे ओळखायला फडक्यावर थोडा एनसी थिनर (लॅकर पातळ करायचा द्राव) घेऊन घासायचं. डुको विरघळतो आणि फडकं रंगतं. भट्टीत भाजलेला मूळ एनॅमल सहसा हलत नाही. दुसरी खूण म्हणजे वॉटर पेपरने एकाच जागी गोल गोल घासत पत्र्यापर्यंत जायचं. झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात: वरचा डुको, लांबी (पुट्टी), मग मूळ रंग, त्याखाली अस्तर. माझ्या मडगार्डवर मूळ हिरव्याच्या वर दोन वेगळे हिरवे निघाले, आणि दोन्ही मूळपेक्षा निळसर होते. गाडीला वर्षानुवर्षं पाहणाऱ्यांच्या डोळ्यात तोच निळसर रंग बसला होता.

चांगले नमुने मिळाले ते झाकलेल्या जागांतून: मागच्या दिव्याच्या रबराखाली, दाराखालच्या सिलच्या पट्टीखाली, आणि सगळ्यात उत्तम स्पीडोमीटरमागच्या पट्टीवर. पण एक गोष्ट फार कमी जण सांगतात. झाकलेला रंगही जसाच्या तसा राहत नाही. एनॅमलच्या रेझिनमधलं तेल अंधारात पिवळं पडतं. उन्हात रंग उडतो, अंधारात पिवळा होतो आणि मूळ छटा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असते. यावर उपाय आहे. अंधारातला हा पिवळेपणा उजेडात बराचसा मागे जातो. मी ती पट्टी हलक्या हाताने पॉलिश करून खिडकीत ठेवली, थेट ऊन लागणार नाही अशी, आणि अर्ध्या भागावर काळा कागद चिकटवला. काही दिवसांनी कागद काढला तर दोन अर्ध्यांमधला फरक साध्या डोळ्यांना दिसत होता. उघड्या अर्ध्यातला मळकट पिवळेपणा गेला होता. मी तोच अर्धा प्रमाण मानला. या सगळ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच, असं मला वाटतं.

आयएस ५ या भारतीय मानकाच्या शेड कार्डावर ओपलाइन ग्रीन २७५ जवळचा वाटला. पण शेजारी धरला की माझ्या नमुन्यात थोडं करडेपण जास्त आहे हे कळतं. जवळचा म्हणजे तोच नव्हे.

मग तुर्भ्याला, जिथे रंग मशिनवर मोजून बनवून देतात. नमुना आधी चकचकीत करून न्या. खडबडीत, पांढुरका पृष्ठभाग मशिनला आहे त्यापेक्षा फिका दिसतो. मशिनने नव्या गाड्यांच्या शेड्समधून जवळची शोधली आणि तिच्यात फेरफार करून फॉर्म्युला काढला. पडद्यावर डेल्टा ई (दोन रंगांतल्या फरकाचा आकडा) एकच्या आत होता, म्हणजे कागदावर काम फत्ते. सावलीतल्या दिवसाच्या उजेडात त्या रंगाने रंगवलेलं चाचणीचं कार्डही नमुन्यात मिसळून गेलं. गॅरेजातल्या एलईडीखाली मात्र कार्ड गुलाबीकडे झुकलं आणि पिवळ्या बल्बखाली तर सरळ वेगळं दिसलं.

कारण फॉर्म्युल्यात होतं. करडेपण आणायला मशिनने हिरव्यात थोडा लाल टिंटर (छटा देणारा गाढा रंग) टाकला होता. वेगवेगळी रंगद्रव्यं मिसळून एका प्रकाशात सारखा रंग मिळवता येतो, पण प्रकाश बदलला की ती वेगळी वागतात. पेंटर मामांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, “दादा, जुन्या लोकांनी एवढे डबे उघडले नसतील. पांढरा, हिरवा, पिवळी माती आणि काळा, बस.” त्यांनी लाल काढला, करडेपण काळ्याने आणलं आणि पिवळ्यासाठी यलो ऑक्साइड घेतला. थेंबाथेंबाने, प्रत्येक वेळी वजन लिहून. ओला रंग पाहून ते निकाल देत नाहीत. कार्डावर स्प्रे गन मारायची, पूर्ण वाळू द्यायचं, मगच तुलना, कारण असे रंग वाळल्यावर किंचित गडद होतात. आताचं कार्ड तिन्ही उजेडांत टिकतं. मशिनचा आकडा पहिल्यापेक्षा थोडा वाईट आहे, डोळ्यांना मात्र हेच खरं वाटतं, आणि मी मामांच्या बाजूने आहे.

मशिन निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. सुरुवात तिथूनच करावी, खूप वेळ वाचतो. फॉर्म्युल्यात टिंटर किती आणि कुठले हे मात्र विचारून घ्या आणि जितके कमी तितके बरे.

रंगाची जात: टू-के पीयू (हार्डनर मिसळून वापरायचा पॉलियुरेथेन), एकाच थराचा, वर क्लिअर (पारदर्शक थर) नाही. १९६९च्या गाडीवर क्लिअर कोट मला खटकतो. चकाकी आत खोलवरून आल्यासारखी वाटते आणि जुना एनॅमल असा दिसत नाही. हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, त्यामुळे गन मारताना बाहेरून हवा पुरवणारा मास्कच हवा, साधा कोळशाचा नाही. मामांसाठी तो आणला आहे.

ठाण्याच्या पावसाळ्याची एक गंमत म्हणजे ढगाळ आकाशाचा उजेड रंग पारखायला फार चांगला, सगळीकडून सारखा येतो. पण मारायला हीच हवा सगळ्यात वाईट. हार्डनर दमटपणाशी रिअॅक्ट होऊन कार्बन डायऑक्साइड सोडतं, त्याने बारीक फोड येतात आणि चमक मरते. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंशांनी वर हवं. जुलैतल्या वागळे इस्टेटमध्ये ते रोज मिळत नाही. म्हणून दिवाळीनंतर.

पूर्ण गाडीचा रंग एकदमच बनवून घेतला आहे. सगळे डबे एका मोठ्या भांड्यात एकत्र करून परत भरले, म्हणजे डब्याडब्यात फरक नको. एका लिटरचा फॉर्म्युला ग्रॅममध्ये लिहून ठेवलाय, वाळलेली कार्डं काळ्या पाकिटात आहेत. आधी दारांच्या चौकटी आणि डिकीचा आतला भाग मारणार, तिथे छटा पटली तरच बाहेरचा पत्रा. बॉनेटची आतली बाजू कारखान्यात किती जाड रंगवत याचा मला अजून नीट अंदाज नाही. कोणाकडे न उघडलेली ११०० डी असेल तर बिजागरीजवळ वॉटर पेपरने छोटं वर्तुळ घासून थर किती निघतात ते कळवा.