सतराव्या दिवसाचं कडवं

डोंबिवलीत माझा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे काय तर दहा बाय बाराची खोली, भिंतींना फोम, एक बरा माईक, आणि खाली भाजीवाला ओरडला की टेक परत. कामं पण तशीच, जयंतीची गाणी, मंडळाची गाणी, कुठल्यातरी दादांच्या वाढदिवसाचं गाणं ज्यात दादांचं नाव अकरा वेळा आलंच पाहिजे. शब्द लोक लिहून आणतात, ते चालीत बसत नाहीत, मग मीच कापाकापी करतो. पंधरा वर्षं हेच केल्यामुळे मला वाटायचं की आपल्याला गाण्याच्या शब्दांतलं कळतं.

ते वाटणं उतरलं एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये. महिन्याच्या शेवटच्या रविवारी तिथे आम्ही बारा-पंधरा जण जमतो, एक भजनी बुवा आहेत, एक रिक्षावाले दादा भीमगीतं लिहितात, बँकेतून रिटायर झालेले एक काका, एक कॉलेजची मुलगी रॅप लिहिते. पद्धत एकच. गाणं म्हणून झालं की लगेच कोणी ‘छान’ म्हणायचं नाही आणि ‘इथे चुकलं’ पण म्हणायचं नाही, आधी प्रत्येकाने सांगायचं की मला काय दिसलं. दुरुस्ती लिहिणाऱ्याने मागितली तरच. मला पहिल्यांदा हे लाड वाटले होते. मग मी माझं गाणं म्हटलं, त्यात ‘भिजलो पावसात’ अशी ओळ होती आणि चाल अशी बसवलेली की सम, म्हणजे तालाचा पहिला ठोका, नेमकी ‘सा’वर येत होती. रिक्षावाले दादा गंभीर चेहऱ्याने म्हणाले, मला बेकरी दिसली, कोणीतरी ओरडतंय, पाव... सात! पंधरा वर्षं दुसऱ्यांचे शब्द तोडले-जोडले आणि स्वतःचा शब्द कुठे तुटतोय ते ऐकूच आलं नव्हतं.

तर आता एका पाळण्याबद्दल.

एका गुरुवारी एक काकू आल्या, साधारण पासष्टीच्या, हातात दोनशे पानी वही. नातीचं बारसं आहे, पाळणा रेकॉर्ड करायचाय म्हणाल्या. म्हटलं किती कडवी? म्हणाल्या ४१. मला हसूच आलं. पाळण्यात पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी असं मोजत जातात हे माहितीये, पण बारसं बाराव्या दिवशी म्हणून बारापर्यंत ठीक आहे ना, ४१ कुठून? तर बाळ दिवस भरायच्या आधीच झालेलं, वजन १ किलो २०० ग्रॅम, ४१ दिवस काचेच्या पेटीत. आजीला आत सोडत नव्हते. त्या बाहेर बाकावर बसून रोज एक कडवं लिहायच्या.

मी धंदेवाईक माणूस, मी हिशोब मांडला. मिनिटाला ८० मात्रांच्या लयीत केरवा ताल, दोन ओळी आणि जो जो मिळून एक कडवं अठरा सेकंद, म्हणजे ४१ कडव्यांचे सव्वाबारा मिनिटं. बारशाला एवढं कोण ऐकणार? सात निवडू म्हटलं. काकूंनी मान हलवली, हो पण नाही आणि नाही पण नाही. मग मी शब्द ‘सुधारायला’ घेतले. त्यांचं एक कडवं असं होतं:

नवव्या दिवशी वजन केलं
वीस ग्रॅमांनी बाळ वाढलं

ग्रॅम हा काय पाळण्यातला शब्द आहे? मी ते काढून ‘चंद्रकलेपरी बाळ वाढलं’ केलं आणि स्वतःवर खूश झालो. काकू म्हणाल्या, तुम्हाला जास्त कळतं. हे वाक्य ज्या आवाजात त्या बोलल्या ना तो आवाज मला ओळखीचा आहे, त्यानंतर गिऱ्हाईक परत येत नाही. म्हणून मी म्हटलं रविवारी माझ्याबरोबर चला. खरं सांगायचं तर तिथे माझ्या बाजूने कोणीतरी बोलेल असं वाटलेलं.

रविवारी मी दोन्ही ओळी म्हणून दाखवल्या, कुठली कोणाची ते न सांगता. रॅपवाली मुलगी म्हणाली, पहिल्यात मला चंद्र दिसला, बाळ नाही दिसलं. दुसऱ्यात वजनकाटा दिसला आणि काट्याकडे बघणारी बाई दिसली. रिटायर काका म्हणाले, वीस ग्रॅम म्हणजे किती हो, चार चमचे साखर? आणि सगळे एकदम गप्प झाले. मी वही उघडून काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं.

मग ४१ चा प्रश्न. मी सेकंदांचं गणित परत मांडलं. बुवा मांडीवर ठेका धरून बसलेले, ते एवढंच म्हणाले, माउली, वही मिटा आणि गा, जे तोंडात आहे तेवढंच गाणं. रिक्षावाले दादा सिन्नरकडचे, लोककवी वामनदादा कर्डकांच्या देशवंडी गावाचा विषय काढल्याशिवाय त्यांचा रविवार जात नाही, त्यांनी लगेच सांगितलं की वामनदादा मोठेपणी अक्षर शिकले, मग गाणं काय कागदावर असतं का. (त्यांना असं काहीही कुठेही जोडता येतं, पण त्या दिवशी बरोबर बसलं.)

काकूंनी डोळे मिटले. पहिला दिवस आला. दुसरा नाहीच आला, त्या सरळ तिसऱ्यावर गेल्या:

तिसऱ्या दिवशी वजन घटलं
आजीला कुणी नाही सांगितलं

सुरुवातीला बाळांचं वजन थोडं उतरतंच, पण घरच्यांनी त्यांच्यापासून लपवलेलं, हे कडवं त्यांनी नंतर कळल्यावर मागे जाऊन लिहिलं. मग पाचवा, निळ्या दिव्याखाली डोळ्यांवर पट्टी बांधलेली. मग नववा, ग्रॅमवाला. मग त्या ‘सतराव्या दिवशी’ म्हणाल्या आणि थांबल्या. आम्हाला वाटलं विसरल्या. रॅपवाल्या मुलीने आठवण करून द्यायला काकूंची वही उघडली आणि वही तशीच हातात धरून बसली. काकूंचा हात गुडघ्यावर ठेका देतच होता, आणि बरोबर समेवर त्यांनी ‘जो बाळा जो जो’ उचललं आणि पुढे गेल्या.

वहीत सतराव्या दिवसाला पण एवढंच होतं. वर दोन ओळींची जागा कोरी, खाली जो जो. त्या दिवशी बाळाला इन्फेक्शन झालेलं, परत व्हेंटिलेटर लावलेला, रात्रीपर्यंत बाहेर कोणी काही सांगितलं नव्हतं. काकू म्हणाल्या, काय लिहिणार, लिहायला काही नव्हतंच.

बुवांनी विचारलं, आत्ता गाताना मधे मोजत होतात का? त्या म्हणाल्या, नाही हो. बुवा म्हणाले, बारा मात्रा रिकाम्या गेल्या, एक कमी नाही एक जास्त नाही, मी मोजल्या.

एकूण नऊ कडवी तोंडात होती, तीच ठेवली. मंगळवारी रेकॉर्डिंग केलं. सतराव्याला मी सवयीने नऊ सेकंद बासरी भरली, फार गोड वाजत होती ती, दोनदा ऐकली आणि म्यूट केली. हार्मोनियम पण काढली. नुसता ठेका ठेवला. काकूंना ऐकवलं तर त्या ठिकाणी त्यांनी पदर नीट केला, बाकी काही बोलल्या नाहीत. पैसे देताना मात्र म्हणाल्या, ग्रॅम स्पष्ट ऐकू येतंय ना?

बारशाच्या दिवशी सकाळी साडेअकराला हॉलच्या साउंडवाल्या पोराचा फोन आला, मागे भांड्यांचा आणि बायकांचा गोंधळ. दादा, ती पाळण्याची फाईल करप्ट आलीये बहुतेक, मधे नऊ सेकंद आजींचा आवाजच जातो, दुसरी पाठवता का पटकन?

म्हटलं, नाही रे, ती तशीच आहे. तिथे आवाज वाढवू नकोस फक्त.