दोघंही मधेच उभे आहेत

ठाणे वेस्टला गावदेवीच्या जवळ माझं मोबाईल रिपेरिंगचं दुकान आहे, सोळा वर्षं झाली. जुलै महिना म्हणजे आमच्याकडे पाण्यात गेलेल्या फोनचा सीझन, कोणी खिशात फोन ठेवून भिजलेला, कोणाचा बाईकवरून थेट खड्ड्यात पडलेला. त्या शनिवारी असे अकरा फोन टेबलावर उघडे पडले होते आणि मी आणि माझ्याकडे काम शिकणारा पोरगा, आम्ही दोघांनी सकाळपासून मान वर केली नव्हती.

साडेअकराच्या सुमारास एक सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा मुलगा पायरीपाशी थांबला, हातात पांढरी काठी, सॅक पोटाशी घेतलेली. त्याने काठी पायरीला लावून उंचीचा अंदाज घेतला, आत आला, काउंटरची कड हाताने चाचपली आणि सॅकमधून रुमालात गुंडाळलेली वस्तू काढून समोर ठेवली. मी म्हटलं फोन असेल. रुमाल सोडला तर आत काळा पीएसपी, सोनीचं हातात धरून गेम खेळायचं मशीन, ३००० मॉडेल. मी दुकान टाकलं तेव्हा ही मशीनं रोज यायची, वसंत विहार, हिरानंदानीतली पोरं घेऊन यायची, बटण बसलं, स्क्रीन फुटली म्हणून. आता कित्येक वर्षांत एकाला हात लावला नव्हता.

तो म्हणाला, "दादा, डाव्या कानात आवाज येत नाही."

मी माझे इयरफोन लावून बघितले. खरंच, उजवीकडे येतोय, डावीकडे शांत. खरं सांगतो, टेबलावर अकरा फोन पडलेले असताना माझ्या मनात एकच होतं, ह्याला लवकर मोकळं करावं. मी म्हटलं, "अरे ह्याचं उत्पादन २०१४ ला बंद झालं, पार्ट मिळत नाहीत, आणि एका कानात येतोय ना आवाज, मग चालतंय की. नाहीतर फोनमध्ये पीपीएसएसपीपी नावाचं ॲप टाक, पीएसपीचे जवळपास सगळे गेम फोनवर चालतात, वरून एक क्लिपवाला कंट्रोलर घे, झालं काम."

हा सल्ला मी बऱ्याच जणांना दिलाय आणि तो चुकीचा नाही. पीपीएसएसपीपी २०१२ पासून आहे आणि आजचा साधा फोनसुद्धा ते गेम पीएसपीपेक्षा स्वच्छ दाखवतो.

त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, मधे बोलला नाही. मग शांतपणे म्हणाला, "दादा, स्वच्छ दिसून मला काय उपयोग?"

मी गप्पच झालो.

मग तो सांगायला लागला आणि मी हातातलं काम खाली ठेवलं. राहायला कळव्याला, नोकरी बँकेत सीएसएमटीला, रोज लोकलच्या दिव्यांग डब्यातून जातो, फलाटावर तो डबा जिथे थांबतो तिथे बीपर वाजत असतो त्याच्या आवाजावर जाऊन उभा राहतो. गाडीत बसायला मिळालं की पीएसपी काढतो. गेम एकच, मारामारीचा, दोन माणसं समोरासमोर. त्यात वार अडवायचा तर मागे जायचं बटण दाबून धरायचं, पण मागे म्हणजे डावीकडे की उजवीकडे हे समोरचा कुठल्या बाजूला उभा आहे त्यावर ठरतं. तो उडी मारून तुमच्या डोक्यावरून पलीकडे गेला की तुमचं मागे उलटं होतं. डोळसाला ते दिसतं. ह्याला ते कानातून कळतं, पाऊल डाव्या कानात वाजलं की तो डावीकडे, आवाज सरकत उजव्या कानात गेला की उजवीकडे.

म्हणजे मी ज्याला "एका कानात येतोय ना" म्हणून सोडून देत होतो त्यात ह्याचं अर्धं मैदान गायब झालं होतं. गेले पंधरा दिवस तो प्रत्येक राउंड हरत होता.

मी विचारलं, मग फोनवर का नाही? त्याने खिशातून फोन काढला आणि टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं बोलून दाखवणारी फोनमधली सोय, चालू होता तो ऐकवला, इतक्या वेगात बोलत होता की मला एक शब्द कळला नाही, पण त्याने तेवढ्यात दोन मेसेज वाचून उत्तरंपण पाठवली. म्हणाला, "फोनशिवाय माझं पान हलत नाही दादा, पैसे, मेसेज, रस्ता, सगळं त्यावर. पण टॉकबॅक चालू असला की एकदा टच केलं तर फक्त नाव वाचतो, दोनदा केलं तर दाबलं जातं, असा गेम कसा खेळणार? आणि बंद केला तर माझ्या हातात नुसती काच राहते."

कंट्रोलरपण त्याने घेऊन बघितला होता. त्याच्या फोनला इयरफोनची पिनच नाही, ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा येतो, गाणं ऐकताना कळतही नाही, पण इथे आवाज कानात येईपर्यंत मार बसलेला असतो. टाईप सी मधून वायर काढली तर कंट्रोलर कुठे लावू. ते सगळं जमवलं तरी मधेच घरून फोन येतो, ओटीपी येतो, आणि टॉकबॅक गेमवर बोलायला लागतो. पीएसपीचं तसं नाही. बाजूचा स्विच ढकलला की गेम आहे तिथे झोपतो, खिशात टाकायचा, उतरायचं, संध्याकाळी परत ढकलला की त्याच जागेवर उठतो. मेनू बोलत नाही, पण प्रत्येक सरकण्याला टिक असा आवाज आहे, तो टिक मोजत जातो.

मी म्हटलं ठेव, बघतो, तासाभरात ये. तो म्हणाला इथेच बसतो. बाहेर पाऊस असा धो धो होता की मीच त्याला स्टूल दिलं असतं.

खोललं. नेहमीचे बारीक स्क्रू, पुढचं कव्हर, स्क्रीन, मग बोर्ड. बॅटरी थोडी फुगलेली होती, ती आधी बाजूला काढून ठेवली. इयरफोनचा जॅक मायक्रोस्कोपखाली घेतला तर कारण लगेच दिसलं, गाडीच्या गर्दीत वायरला रोज हिसके बसून जॅकची डावी पिन हलत होती. काम सोपं वाटलं म्हणून मी पोराला सांगितलं, पेस्ट लाव आणि पिन गरम करून बसव, आणि मी परत वॉटर डॅमेजकडे वळलो. वीस मिनिटांनी तो म्हणाला, झालं, दोन्हीकडे येतोय. मी इयरफोन घातले, दोन्ही कानात आवाज, मस्त. जोडून त्याच्या हातात दिलं.

त्याने इयरफोन लावले, टिक टिक टिक, गेम चालू केला. पाच-सात सेकंद झाले असतील नसतील.

"दादा, दोघंही मधेच उभे आहेत."

मला आधी कळलंच नाही काय म्हणतोय. मी परत ऐकलं, आवाज तर येतोय दोन्ही कानात! तो म्हणाला, "येतोय, पण दोन्हीकडे तोच येतोय. मी कुठे आणि तो कुठे, कळत नाही."

परत खोललं. लेन्सखाली धरलं तेव्हा अंगावर काटा आला. डावी पिन गरम करताना बोर्डावरची तिची पॅड, म्हणजे पिन जिथे चिकटते ती तांब्याची टिकली, उखडून निघाली होती आणि पोराने वापरलेल्या सोल्डरचा एक थेंब डाव्या पिनेवरून उजव्या पिनेला जाऊन चिकटला होता. डाव्या बाजूचा खरा आवाज बोर्डातून वर येतच नव्हता, उजव्याचाच दोन्हीकडे जात होता. कंटिन्यूटीला बीप, कानाला आवाज, आमच्या हिशोबाने मशीन ओके. सोळा वर्षांत मी इयरफोनचे जॅक किती बदलले असतील, दोन्ही कानात वाजला की ओके, डावा डावाच आहे का हे मी कधी तपासलंच नव्हतं. पोराचा चेहरा उतरला. पण चूक माझी जास्त, मी शिकवलंच तसं होतं.

मग मीच बसलो. आधी तो थेंब ओढून घेतला, दोन्ही पिना वेगळ्या केल्या. मग डाव्या चॅनलची लाईन बोर्डावर मागे मागे शोधत गेलो, मल्टिमीटरची टोकं लावत, शेवटी जॅकच्या आधीचा एक पार्ट सापडला, मोहरीच्या दाण्याहून लहान, तिथपर्यंत सिग्नल जिवंत होता. तिथून पिनेपर्यंत जम्पर, म्हणजे वरून जोडवायर, मारायचा. केसाएवढी इनॅमल वायर, टोक खरवडून, श्वास रोखून एका बाजूला चिकटवली, दुसरी बाजू लावताना पहिली सुटली, परत लावली, वरून वायर धरून ठेवणारा हिरवा मास्क, म्हणजे लेप, टाकून लाईटखाली सुकवला. सव्वा तास गेला. मधे तीन कस्टमर येऊन गेले, मी मान वर केली नाही.

तेवढ्यात पोरगा त्याच्याशी बोलत बसला होता आणि मी काम करता करता ऐकत होतो. पोराने विचारलं, आता ही मशीनं कोण घेतं, सगळे मोबाईलवरच खेळतात ना. मी पण मधे तोंड घातलं, हा माझा आवडीचा विषय आहे. निन्टेंडोचा डीएस, असंच हातातलं गेमचं मशीन, २००४ चा, १५ कोटी ४० लाख विकला गेला. मग २००७ ला आयफोन आला, २००८ ला ॲप स्टोअर, आणि २०११ ला डीएसच्या पुढचा थ्रीडीएस आला तर अमेरिकेत पाच महिन्यांच्या आत त्याची किंमत अडीचशे डॉलरवरून एकशे सत्तरवर आणावी लागली, शेवटी विकला गेला साडेसात कोटींच्या वर, म्हणजे डीएसच्या निम्मा. पीएसपीनंतरचा सोनीचा व्हिटा तर पुरता झोपला, २०१९ ला बंद. पीएसपीवाल्याला हे सगळं माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. म्हणाला, मग निन्टेंडोचाच स्विच कसा चालला? २०१७ ला आला, फोन सगळ्यांच्या खिशात असताना, आणि १५ कोटींच्या वर गेला. २०२२ ला स्टीम डेक आला.

ते बरोबर आहे. पण मी त्याला हेही म्हटलं की जे वाचलं ते खिशातलं नाही. स्विच घरी टीव्हीलापण लागतो म्हणून चालला, स्टीम डेक म्हणजे हातात धरायचा कॉम्प्युटरच, आणि आपल्याकडे स्विच मिळतो तो बाहेरून आणलेला, किंमत ऐकूनच माणूस मागे फिरतो. आठवीतल्या पोराला वाढदिवसाला घेऊन द्यावं असं छोटं, स्वस्त, एकच काम करणारं नावाजलेल्या कंपनीचं मशीन, ते फोनने खाल्लं. ज्याला गाडीत दहा मिनिटं घालवायची आहेत त्याला फोन पुरतो, आणि तो फुकट पडतो, कारण फोन तर घ्यायचाच असतो. ह्यात मला काही चुकीचं वाटत नाही.

पण काचेवरची बटणं कोणाला आवडतात असंही मला वाटत नाही. माझ्याच काउंटरवर बघा, फोनला चिमटा लावून अडकवायचे ट्रिगर, अंगठ्यात घालायच्या कापडी टोप्या, पबजी आला तेव्हापासून हे विकतोय. २०२० ला त्यावर बंदी आली तेव्हा काही महिने कोणी विचारलं नाही, मग २०२१ ला त्याचाच भारतातला अवतार बीजीएमआय आला आणि परत सुरू. डोळे चांगले असलेली पोरं पैसे देऊन काचेवर बटण चिकटवून घेतात, कारण बोटाला काहीतरी लागायला हवं असतं. त्यांना ती सोय आहे. समोर बसलेल्याला त्याशिवाय खेळच नव्हता.

पीएसपी जोडून त्याच्या हातात दिला. ह्या वेळी मी ओके म्हटलं नाही, त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. टिक टिक टिक. गेम चालू. त्याने मान थोडी खाली घातली, अंगठे हलायला लागले, आणि त्याच्या खांद्यात काहीतरी सैल झालं, ते मला टेबलापलीकडून दिसलं. एक राउंड जिंकला. दुसरा जिंकला. एक बीजीएमआयवाला पोरगा डिस्प्ले फुटलेला फोन घेऊन बाजूला येऊन उभा होता, तो वाकून स्क्रीन बघत होता, म्हणाला, भाई क्या खेलता है! मग त्याला काठी दिसली आणि तो तसाच उभा राहिला.

पीएसपीवाल्याने इयरफोन काढून त्या पोराला दिले आणि म्हणाला, डोळे मिट आणि ऐक. पोराने डोळे मिटले. थोड्या वेळाने न उघडताच हात उचलून उजवीकडे दाखवला आणि म्हणाला, इधर गया. बरोबर होतं, मी स्क्रीन बघत होतो.

पैशांवरून आमची थोडी ओढाताण झाली, मी दीडशे म्हणत होतो, त्याने पाचशेची नोट बोटांनी मापून पुढे केली, शेवटी तीनशेवर मिटलं. बॅटरी बदलून घे सांगितलं, फुगलेली वापरू नकोस, ह्यात आग लागू शकते, ती मागवून देतो. निघताना म्हणाला, "दादा, हा जॅक परत गेला तर?"

जम्पर आहे, रोजचे हिसके बसणार, कधीतरी जाणार हे मला माहीत होतं. मी म्हटलं सोय करून ठेवतो.

गेल्या आठवड्यात पार्ट आणायला लॅमिंग्टन रोडला गेलो होतो तेव्हा एका भंगारवाल्याच्या खोक्यात दोन डेड पीएसपी मिळाले, स्क्रीन फुटलेले, बोर्ड जळलेले. दोघांचे जॅक चांगले आहेत. पोराने काढून, डावा उजवा दोन्ही वेगवेगळे तपासून, पिशवीत घालून ड्रॉवरमध्ये ठेवलेत.