गोव्याहून स्कँडिनेव्हिया: टूर मॅनेजर भेटेपर्यंतचा प्रवास

टूर मॅनेजर असलेली सहल घेतली की विमानतळांवरही कोणीतरी बोट धरून नेईल, असं बहुतेकांना वाटतं. मुंबईहून गटाबरोबर निघणाऱ्यांसाठी ते बरंचसं खरं आहे. गोव्याहून थेट निघून कोपनहेगनला गटात सामील होणाऱ्या जोडप्याची सहल मात्र आगमन दालनाच्या काचेच्या दरवाजाबाहेर सुरू होते. त्याआधीची सगळी कामं, म्हणजे व्हिसाच्या तारखा, सामानाचं वजन, ट्रान्झिट, इमिग्रेशन आणि सामानाचा पट्टा, आपली आपणच करायची असतात. आम्ही दोघांनी हा मार्ग फोंड्याहून केला. सहलीच्या माहितीपत्रकात जे नसतं तेच इथे लिहीत आहोत.

टूर कंपन्यांच्या भाषेत याला 'जॉइनिंग-लीव्हिंग' म्हणतात. कंपनी विमानभाडं वजा करून दर सांगते आणि सहलीच्या पहिल्या शहरात आपण आपल्या तिकिटाने पोहोचायचं असतं. पैसे भरण्याआधी विमानतळ ते हॉटेल ही सोय मिळणार का, हे लेखी विचारून घ्यावं. बस गटाच्या विमानाच्या वेळेला लागते. आपलं विमान चार तास आधी आलं तर एकतर थांबायचं, नाहीतर स्वतः हॉटेल गाठायचं.

गटाबरोबर मुंबईहून जायचं तर गोवा–मुंबई हा तुकडा बहुधा वेगळ्या तिकिटावर असतो, आणि गोची तिथेच होते. देशांतर्गत विमानात साधारण १५ किलो सामान मोफत, पुढच्या विमानात २५ किंवा ३०. जास्तीच्या वजनाचे पैसे गोव्यातच, मोपा किंवा दाबोळी विमानतळावर भरावे लागतात. तिकिटं वेगळी असल्यामुळे बॅगा मुंबईत उतरवून, बाहेर येऊन पुन्हा चेक-इन करायच्या. टर्मिनल १ ला उतरलात तर टर्मिनल २ पर्यंत रस्त्याने जायचं. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून 'मुंबई' एवढंच वाचून तिकीट काढणं आणखी धोक्याचं झालं आहे. पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं, तर वेगळ्या तिकिटांवर कोणतीही कंपनी जबाबदारी घेत नाही. म्हणून आमचं स्पष्ट मत: मोपा–दोहा–कोपनहेगन असा एकाच तिकिटावरचा मार्ग थोडा महाग पडला तरी तोच घ्यावा. पहिला टप्पा चार तासांच्या आत, दुसरा साडेसहा-सात तासांचा. बॅग मोपाला दिली की कोपनहेगनलाच हातात येते. तिकिटावरचा विमानतळाचा कोडही बघावा: जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. फोंड्याहून मोपाला दीड तास धरावा. मडगाव-काणकोणकडून येणाऱ्यांनी पर्वरीची गर्दी लक्षात घेऊन अर्धा तास वाढवावा.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांसाठी मिळून एकच. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, फिनलंड चारही देश त्यात आहेत, त्यामुळे सहल या चौघांतच असेल तर एकदा प्रवेशाचा व्हिसा पुरतो. अर्ज जिथे जास्त रात्री मुक्काम आहे त्या देशाकडे करायचा, आणि रात्री सारख्या असतील तर जिथे पहिला प्रवेश त्या देशाकडे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन पानं कोरी असलेला हवा.

व्हिसा हातात आला की त्यावरचे तीन आकडे तपासावेत: कधीपासून, कधीपर्यंत आणि मुक्कामाचे दिवस. दिवस मोजताना उतरण्याचा आणि निघण्याचा असे दोन्ही दिवस धरतात. सहलीच्या आधी एक रात्र स्वतःहून राहायचं ठरवलं असेल तर ती अर्जातच दाखवलेली असावी. नाहीतर आकडा नेमका एकाने कमी पडतो. आणि नाव! लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांच्या बाबतीत तिकीट, विमा आणि टूर व्हाउचर या तिन्हींवर पासपोर्टवरचंच नाव हवं, आधारवरचं नाही.

आता वजनाचं गणित. मोपाहून जाताना ३० किलोपर्यंत चालत असेल, पण सहलीत मध्ये बर्गन ते स्टॉकहोम वगैरे छोटं विमान असतं आणि तिथे बॅगेला २३ किलोंची मर्यादा असते. काही स्वस्त तिकिटांत तर चेक-इन बॅगच धरलेली नसते. म्हणून संपूर्ण सहलीसाठी आकडा एकच ठेवावा, प्रत्येकी एक बॅग, निघताना २० किलो. दोघांनी आपापली बॅग भरू नये. निम्मे कपडे एकमेकांच्या बॅगेत घालावेत, म्हणजे एक बॅग मागे राहिली तरी दोघांकडे कपडे उरतात. केबिन बॅगेत दोघांचा एकेक कपड्यांचा जोड, औषधं चिठ्ठीसह, चार्जर आणि पावसाळी जाकीट. पॉवर बँक फक्त केबिनमध्येच, १०० वॉट-तासांच्या आतली.

खाण्याच्या वस्तूंबद्दल गोव्यातल्या माणसांनी विशेष जपावं. सुकं खोबरं चेक-इन बॅगेत ठेवायला भारतातच बंदी आहे, कारण त्यातल्या तेलामुळे ते तापून पेट घेऊ शकतं. मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपीय संघात आणि नॉर्वेतही बाहेरून नेता येत नाहीत. म्हणजे चोरीस (गोव्याचं सॉसेज) नाही, तूप नाही, पेढे नाहीत. ताज्या फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे मानकुराद आंबा घरीच राहतो. भाजलेले काजू, सोलं (आमसुलं), भाजलेले पोहे नेता येतात. जत्रेतलं खाजेंही चालतं, त्यात बेसन, गूळ, तीळ आणि आलंच असतं. फेणी किंवा तत्सम मद्य प्रत्येकी एक लिटर, तेही सीलबंद आणि चेक-इन बॅगेत. केबिनमध्ये नेलेली बाटली दोहाच्या तपासणीत अडकू शकते.

दोहाला व्हिसा किंवा इमिग्रेशन लागत नाही, पण सुरक्षा तपासणी पुन्हा होते. पाण्याची बाटली त्याआधी रिकामी करावी. घड्याळ भारताच्या अडीच तास मागे करायचं. पुढे कोपनहेगनला उन्हाळ्यात फरक साडेतीन तासांचा, हिवाळ्यात साडेचारचा. बोर्डिंगची वेळ नेहमी स्थानिक असते. फोनवर वेळ आपोआप बदलली नसेल तर झोपेत गफलत होते.

कोपनहेगनच्या कास्ट्रुप विमानतळावर शेंगेनचा प्रवेश होतो. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने प्रवेश-निर्गमनाची नवी डिजिटल नोंद टप्प्याटप्प्याने सुरू केली आणि १० एप्रिल २०२६ पर्यंत ती सगळ्या सीमांवर लागू करायची मुदत होती. शिक्क्याची जागा ही नोंद घेते. व्हिसाच्या वेळी दिलेले बोटांचे ठसे यंत्रणेत असतातच, त्यामुळे व्हिसाधारकांचा सीमेवर फक्त चेहऱ्याचा फोटो घेतला जातो. त्यासाठी आधी अर्ज नाही, पैसेही नाहीत. कोणी संकेतस्थळावर शुल्क मागत असेल तर भरू नये. पहिल्या नोंदणीला वेळ लागतो, म्हणून उतरल्यापासून बाहेर येईपर्यंत दीड-दोन तास धरावेत आणि तीच वेळ टूर मॅनेजरला कळवावी.

अधिकारी विचारतो ते मोजकंच: कशासाठी, किती दिवस, कुठे राहणार, परत कुठून. शेवटचा प्रश्न सहलीत महत्त्वाचा, कारण प्रवेश कोपनहेगनहून आणि परती स्टॉकहोम किंवा हेलसिंकीहून असते. परतीचं तिकीट, हॉटेलांची तारीखवार यादी आणि विम्याचा कागद छापून दोघांकडे वेगवेगळा ठेवावा. 'ग्रुप टूर' म्हटलं की गट कुठे आहे असं साहजिकच विचारतात. गट मुंबईहून वेगळ्या विमानाने येतोय, हे टूर कंपनीच्या पत्रात एका वाक्यात लिहून घेतलेलं असलं की प्रश्न तिथेच संपतो.

सामानाचा पट्टा थांबला आणि बॅग आली नाही, तर घाईने बाहेर पडू नये. तक्रारीचा काउंटर पट्ट्यांच्या दालनातच असतो. कस्टम्सचा दरवाजा ओलांडला की आत परतणं अवघड होतं. बॅग मागे राहण्याची कारणं ठरलेली: दोहाला विमान बदलायला वेळ कमी, टॅग फाटलेला, किंवा जुन्या प्रवासाचा बारकोड बॅगेवर तसाच राहिल्यामुळे यंत्राने चुकीचा वाचलेला. जुने टॅग आणि छोटे स्टिकर निघण्याआधी काढावेत, आणि बॅगेच्या आत नाव, फोन व सहलीचा कार्यक्रम लिहिलेला कागद ठेवावा.

काउंटरवर बोर्डिंग पासला चिकटवलेली टॅगची पावती लागते. बॅगेचा प्रकार आणि रंग तक्त्यावरून दाखवायचा असतो, म्हणून मोपालाच बॅगांचा फोटो काढून ठेवावा. नोंद झाली की पाच अक्षरं आणि पाच अंकांचा क्रमांक मिळतो. तो मिळाल्याशिवाय हलू नये. सहलीतल्या प्रवाशाची खरी अडचण पत्त्याची आहे. आज कोपनहेगन, उद्या बोटीवर, परवा ओस्लो. आजच्या हॉटेलचा पत्ता दिला तर बॅग आपल्या मागोमाग एकेक शहर हुकत फिरते. त्यापेक्षा सलग दोन रात्री मुक्काम असलेल्या पहिल्या शहराचा पत्ता, तारखांसह द्यावा. टूर मॅनेजरचा फोन नंबरही त्याच नोंदीत घालावा. दात घासायचा ब्रश, अंतर्वस्त्रं, एखादा शर्ट अशा गरजेच्या खरेदीच्या पावत्या जपून ठेवल्या की खर्च मागता येतो. मॉन्ट्रियल करार या विमान प्रवासाच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार उशिरा मिळालेल्या बॅगेसाठी लेखी दावा ती मिळाल्यापासून २१ दिवसांत, आणि मोडलेल्या बॅगेसाठी ७ दिवसांत करावा लागतो. चाक तुटलं असेल तर घरी जाऊन बघू म्हणू नये, तिथेच नोंदवावं.

बाहेर आल्यावर पाटी घेऊन कोणी दिसलं नाही तर आधी वीस मिनिटं आगमन दालनातच थांबावं, मग फोन करावा. हॉटेल स्वतः गाठायचं असेल तर टर्मिनल ३ मध्येच सोय आहे. एम२ मेट्रो चोवीस तास चालते आणि कोंगेन्स न्यूटोर्व्हला सुमारे १३ मिनिटांत पोहोचवते. मुख्य स्टेशनला ट्रेनने साधारण १५ मिनिटं लागतात. फलाट मात्र नीट बघावा, कारण त्याच स्टेशनातून ओरेसुंड पुलावरून स्वीडनला जाणाऱ्या गाड्याही सुटतात. हॉटेलची खोली बहुधा दुपारी तीननंतर मिळते. बॅगा ठेवून घेतात, मागावं लागतं.

चलनाबद्दल एवढंच: डॅनिश, स्वीडिश, नॉर्वेजियन क्रोन तिन्ही वेगळे, फिनलंडला युरो, आणि जवळजवळ सगळीकडे कार्डच चालतं. यंत्राने रुपयांत पैसे घेऊ का विचारलं तर नको म्हणून स्थानिक चलन निवडावं.

नॉर्वे शेंगेनमध्ये आहे पण युरोपीय संघात नाही, त्यामुळे कोपनहेगनहून ओस्लोला उतरलं तर पासपोर्ट तपासणी सहसा नसते, कस्टम्स मात्र असतं. ओस्लोहून पुढे बर्गनचं विमान असेल तर चेक-इनच्या वेळीच विचारावं की बॅग थेट जाणार की ओस्लोत उचलून कस्टम्समधून न्यायची. काही कंपन्यांची थेट जाते, काहींची नाही, आणि टॅगवर बर्गन लिहिलेलं असूनही उचलावी लागू शकते. या विमानतळांवर बऱ्याचदा टॅग स्वतःच छापून लावायचा असतो. पट्टी बॅगेच्या मुठीभोवती फिरवून दोन्ही टोकं एकमेकांना बरोबर जुळवून चिकटवावीत, बारकोडवर सुरकुती पडू देऊ नये आणि पावतीचा तुकडा सांभाळावा. वजन एका किलोनेही जास्त झालं तर बॅग टाकायचं यंत्र ती परत देतं आणि मागे रांग खोळंबते.

रात्रीची बोट असेल तर तिथेही एक आगमन असतंच. केबिन इतकी लहान असते की दोन मोठ्या बॅगा उघडता येत नाहीत. बस बोटीत चढणार असेल तर मोठ्या बॅगा बसमध्येच ठेवून एका रात्रीची पिशवी वर न्यायची. एकदा गाड्यांचा मजला बंद झाला की खाली जाता येत नाही, त्यामुळे औषधं वर हवीत. फोन विमान मोडवर ठेवावा, कारण समुद्रात जहाजाचं उपग्रह नेटवर्क पकडलं तर बिल भरमसाट येतं. स्टॉकहोमहून हेलसिंकीला जाताना घड्याळ एक तास पुढे जातं, म्हणजे नाश्ताही तासभर आधी संपतो.

परतीच्या दिवशी बस गटाच्या विमानासाठी निघते. आपलं विमान आधीचं असेल तर आदल्या रात्रीच टॅक्सी किंवा ट्रेन ठरवावी. स्टॉकहोमचा अर्लांडा शहरापासून सुमारे ४० किलोमीटर आहे, जलद ट्रेनने वीस मिनिटांत जाता येतं. नॉर्वेतल्या खरेदीचा करपरतावा नॉर्वे सोडतानाच घ्यायचा, बाकीच्यांचा युरोपीय संघातल्या शेवटच्या विमानतळावर, बॅग चेक-इनला देण्यापूर्वी. तिथल्या अधिकाऱ्याला वस्तू बघायच्या असू शकतात.

युरोपहून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला तिथला प्रवासी-हक्क नियम लागू होतो. मोपाहून जाताना आखाती कंपनीच्या विमानाला तो लागू नसतो. म्हणून परतीत अर्लांडाहून विमान उशिरा सुटलं, दोहाचं पुढचं चुकलं आणि मोपाला तीन तासांहून जास्त उशीर झाला, तर ३,५०० किलोमीटरांवरच्या प्रवासासाठी प्रत्येकी ६०० युरोंपर्यंत भरपाई मागता येते. खराब हवामानासारखं कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असेल तर भरपाई मिळत नाही, तरी जेवण आणि हॉटेल द्यावंच लागतं. त्यासाठी उशिराचं कारण काउंटरवर लेखी मागावं आणि दोन्ही बोर्डिंग पास मोपाला पोहोचेपर्यंत फाडून टाकू नयेत.