आमची वाटचाल : पेटीत आधी आईचं

२००८ च्या पावसाळ्यात माझी मुलगी झाली. ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत बारशाला सतरा झबली, नऊ टोपडी, तीन मच्छरदाण्या आणि चार अस्वलं जमली. मला आणि बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींनी तो ढीग पाहिला आणि विचारलं, "ह्यात तुझं काय आहे गं, पोरी?"

माझं काहीच नव्हतं. मी तेव्हा नवऱ्याचा बटणांचा जुना शर्ट घालून पाजायला बसत होते. सतरापैकी बारा झबली दीड महिन्यात तोकडी झाली.

शिवणकामाचा डिप्लोमा मी लग्नाआधीच केला होता, आईचं पायमशीनही घरात होतं. दुसऱ्या वर्षी मावशींना म्हटलं, आपण बाळंतविडा, म्हणजे बाळ-बाळंतिणीला भेट द्यायच्या वस्तूंची पेटी, करून विकू, पण पेटी उघडल्यावर सगळ्यात वर आईची वस्तू दिसली पाहिजे. मावशींनी वाटा मागितला. रुपयात चार आणे ठरले, आणि ते आजही तसेच आहेत. पैसा मी घातला होता, पण बाळंतिणीला काय लागतं हे ठाऊक असलेलं माणूस त्या होत्या. तीसेक वर्षं त्या ठाण्यातल्या घराघरांत बाळंतिणी सांभाळत आल्या होत्या.

पाजायला सोपा असा पहिला गाऊन फसला. चेन मधोमध लावली होती, ती धातूची होती आणि बाळाच्या गालाला लागायची. मग छातीवरच्या दोन्ही उभ्या शिवणींत नायलॉनच्या बारीक चेन लपवल्या, आतून कापडाची पट्टी दिली. कापड कॅम्ब्रिकचं. मलमल दुपट्याला उत्तम, गाऊनला ती फार पातळ पडते. सगळं कापड कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजत घालायचं, म्हणजे खळ निघते आणि आटायचं तेवढं आटून जातं. हे न करता गाऊन विकणारे खूप आहेत, दोन धुण्यांत तो पोटरीपर्यंत वर येतो. झबल्याची शिवण आम्ही बाहेरच्या अंगाला ठेवतो आणि बटणाऐवजी बंद लावतो. दुकानदार म्हणतात उलटं शिवलंय. नव्या कातडीला ओव्हरलॉकचा, म्हणजे शिवणीची कड बांधणारा, दोरा काचतो, म्हणून तसं शिवलंय.

आमच्या कारखान्यातलं सगळ्यात महत्त्वाचं साधन मात्र मशीन नव्हे, ती आहे तीन किलो तांदळाची पिशवी. पेटीत जायची प्रत्येक वस्तू, मग ती चेन असो, लाडवाचा डबा असो की पाण्याची बाटली, ती पिशवी डाव्या कुशीत घेऊन उजव्या हाताने उघडून पाहायची. उघडली नाही तर वस्तू बाद. पाजायला बसलं की घशाला कोरड पडते आणि दोन्ही हात मोकळे नसतात, हे ज्याने अनुभवलंय त्याला ही परीक्षा सांगावी लागत नाही. फिरकीच्या झाकणाचे स्टीलचे डबे मी दोनदा परत पाठवलेत.

लाडू मावशींचे. डिंक त्या चिमूट चिमूट तुपात सोडायच्या, लाहीसारखा फुलला की बाहेर. घाईत मूठभर टाकला की आतून कच्चा राहतो आणि दाताला चिकटतो. डिंक, खारीक, सुकं खोबरं, गोडंबी, खसखस यांचे लाडू थंडीचे. ठाण्याच्या मे महिन्यात आम्ही ते अर्धेच भरतो. अळिवाचे ओल्या नारळाचे लाडू पेटीत कधीच ठेवले नाहीत, ते दोन दिवसांच्या वर बाहेर टिकत नाहीत. त्याऐवजी अळीव निवडून पुडी देतो, सोबत चिठ्ठी. बाळंतशेपा (शेपूचं बी), ओवा आणि बडीशेप भाजून वेगळ्या डबीत. पोटपट्टा मऊ सुती. त्यावरही चिठ्ठी, की सिझेरियन झालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बांधू नये.

एक वस्तू ठेवायला मला स्वतःलाच वर्ष लागलं, मोठे जाड पॅड. बाळंतपणानंतरचा स्राव सहा आठवड्यांपर्यंतही चालू शकतो. ते घ्यायला घरातल्या कोणाला पाठवायचं, हा बाळंतिणीला पडणारा पहिला प्रश्न असतो. ठेवले तेव्हा दोन सासवांनी पेट्या परत केल्या. पण आभाराचे सगळ्यात जास्त फोन त्याच वस्तूसाठी आले.

२०१६ पर्यंत बरं चाललं, दोन मुली कामाला लागल्या, गाळा भाड्याने घेतला.

२०१७ मध्ये कायदा बदलला, बाळंतपणाची भरपगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. कंपन्यांत या विषयाची हवा आली. जूनमध्ये ऐरोलीच्या एका कंपनीतून फोन आला. त्यांच्या सगळ्या ऑफिसांतल्या नव्या आयांना एका कार्यक्रमात भेट द्यायची होती, १६० पेट्या, १० ऑगस्ट. त्याआधी एका वेळी आठाच्या वर पेट्या आम्ही कधी दिल्या नव्हत्या. आगाऊ रक्कम खरेदी विभागाच्या नियमात बसत नाही म्हणाले. मी बांगड्या तारण ठेवून दोन लाख उभे केले.

१ जुलैला जीएसटी आला. उलाढाल कमी म्हणून आम्हाला नोंदणी लागत नव्हती, पण त्यांना नंबर हवा होता. तो घेतला तेव्हा कळलं, की वेगवेगळ्या दराच्या वस्तू एका पेटीत एका किमतीला विकल्या तर त्यातल्या सगळ्यात चढ्या दराचा कर पूर्ण पेटीला लागतो. पाण्याच्या बाटलीचा दर लाडवांना आणि झबल्यांनाही. तो फरक मी सोसला. मग त्यांचा निरोप आला, पेटीत दुधाची बाटली आणि चोखणी घाला, फोटोत शोभून दिसतं. मी नाही म्हटलं. दुधाची पावडर आणि बाटल्या यांच्या जाहिरातीवर, त्यांच्या प्रसारासाठी भेटी वाटण्यावर १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती उगीच नाही. पहिल्या आठवड्यात बाळ नीट ओढत नाही म्हणून आई रडकुंडीला आलेली असते, तेव्हा समोर बाटली दिसली की घरातलं कोणीतरी ती उकळायला टाकतंच. पहिले सहा महिने बाळाला आईचंच दूध, हे डॉक्टर सांगतात, मावशीही सांगतात. आमच्या पेटीने त्याच्या उलट बोलायचं नाही.

लाडू तयार झाले, ८० किलो. कार्यक्रम पुढे ढकलला, २४ ऑगस्ट. पुन्हा ढकलला. खोबऱ्याला वास येऊ लागला तेव्हा निम्मे लाडू अर्ध्या भावात गल्लीत विकले, उरलेले टाकले. २९ ऑगस्टला गणपतीत तो पाऊस पडला, लोकल बंद पडल्या. आमचा गाळा रस्त्याच्या पातळीला. गटाराचं पाणी आत आलं आणि पुठ्ठ्याच्या खालच्या तिन्ही थरांच्या मिळून ९४ पेट्या भिजल्या. चार दिवसांनी कंपनीचं पत्र आलं, ऑर्डर रद्द, दुसरीकडून व्यवस्था झाली आहे.

ते दुसरीकडचं म्हणजे घोडबंदर रोडवरचं एक दुकान. तिथला माणूस जुलैमध्ये "बहिणीसाठी" म्हणून आमच्या दोन पेट्या घेऊन गेला होता. त्याच्या वेताच्या टोपलीत बाटली होती, चोखणी होती, अस्वल होतं, सुगंधी लोशन होतं आणि आमची चिठ्ठी होती, शब्दन् शब्द. आमच्या छापखान्याने 'बाळंतशेपा'चं 'बाळंतशेवा' केलं होतं, त्याच्या चिठ्ठीतही 'बाळंतशेवा'. टोपलीत शेपा मात्र नव्हताच. या गोष्टीला इतकी वर्षं झाली, मला ती अजून टोचते. भाव कमी करून कोणी ऑर्डर नेली तर तो धंदा आहे. मावशींचे शब्द न्यायला नको होते.

गाळा सोडायचं मी ठरवलं होतं. तिसऱ्या दिवशी पाचपाखाडीच्या बाई आल्या. निवृत्त शिक्षिका, आमच्या पहिल्या दहा गिऱ्हाइकांतल्या. त्यांची पद्धत मला फार आवडते. बाळ झाल्याचं कळलं की त्या लगेच दवाखान्यात जात नाहीत. घरी आल्यावर फोन करून, वेळ विचारून, पोळीभाजीचा डबा घेऊन जातात. बाळाला मांडीवर घेतात आणि आईला म्हणतात, जा, सावकाश डोक्यावरून न्हाऊन ये. तासाभराने निघतात. पेटी आदल्या दिवशी पोचलेली असते.

बाईंनी चिखल पाहिला, ओले गठ्ठे पाहिले. म्हणाल्या, "अगं, गाऊन धुतले की गाऊनच राहतात. पुठ्ठा गेला, जाऊ दे." अकरा गाऊनचे पैसे तिथेच मोजले. मग पिशवीतून डायरी काढली. तीस वर्षांत हाताखालून गेलेल्या मुली, त्यांचे फोन नंबर. "त्या सगळ्या आता आया होतायत किंवा त्यांच्या नणंदा-जावा होतायत." रोज संध्याकाळी दोन फोन त्या स्वतः करायच्या. दिवाळीपर्यंत ५७ पेट्या गेल्या. मावशींनी भिशीचे पैसे माझ्या हातात ठेवले आणि वर्षभर आपले चार आणे घेतले नाहीत. बांगड्या २०१९ मध्ये सुटल्या.

ज्या बायका असा घरगुती धंदा करतात त्यांना माझं सांगणं आहे, की निम्मे पैसे हातात आल्याशिवाय कढई चढवू नका. सूक्ष्म उद्योगाची नोंदणी आधी करून ठेवा. नोंदणीकृत लहान पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, उशीर झाला तर व्याज लागतं, हा कायदा २००६ पासून आहे. मला तो २०१८ मध्ये कळला. नाशवंत माल शेवटच्या तीन दिवसांत करा.

आणि देणाऱ्यांनाही सांगते. नव्या बाळाचं झबलं घेऊ नका, सहा महिन्यांच्या मापाचं घ्या. सुवासिक काही नको, बाळ आईला वासाने ओळखतं. काजळ नको. चाटवायला मध तर वर्षभर अजिबात नको. कापडाला पैसे नसतील तर पंधरा दिवस पोळ्यांचा डबा लावून द्या, किंवा मालीशवाल्या बाईंचे दहा दिवसांचे पैसे परस्पर भरा. आम्हाला त्यातून काही मिळत नाही, तरी फोनवर विचारलं तर आम्ही हेच सुचवतो.

मावशींचे गुडघे आता साथ देत नाहीत. त्या खुर्चीत बसून डिंकावर लक्ष ठेवतात. बाईंचा परवा फोन आला, नाशिकला एक पेटी हवी आहे, त्यांच्या एका विद्यार्थिनीच्या मुलीला मुलगा झालाय. ऐरोलीच्या त्या कंपनीतूनही गेल्या महिन्यात मेल आली, दोनशे पेट्यांचा भाव विचारलाय. निम्मी रक्कम आधी आणि बाटली नाही, असं मी उत्तर पाठवलं आहे.