जरा कलती करा

गेल्या वर्षी वटपौर्णिमेच्या आदल्या रात्री आमच्या सोसायटीच्या मागच्या अंगणातला विलायती शिरीष कोसळला. सकाळी पूजेचं ताट घेऊन निघालेल्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकू जिन्यात थबकल्या, "वड नाही ना पडला?" एवढं विचारलं, आणि नाही म्हटल्यावर निघून गेल्या. अग्निशमन दलाची माणसं आली. भिंतीवर रेललेल्या फांद्या कापल्या, बुंध्याचे तीन तुकडे केले आणि रस्ता मोकळा करून गेली. पालापाचोळा दोन दिवसांत उचलला गेला. ओंडके तिथेच राहिले.

विलायती शिरीष म्हणजे आपला रेन ट्री. आला दक्षिण अमेरिकेकडून, पण पुण्यातल्या जुन्या रस्त्यांवर इतकी वर्षं छत्री धरून उभा आहे की त्याला परका म्हणायला जीभ रेटत नाही. त्याच्या कापलेल्या तोंडाकडे मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. कडेला फिकट पिवळट कड आणि आत चॉकलेटी गाभा. बघता बघता मनात बाक तयार झाला. गच्चीत ठेवायचा, पाठ नसलेला, पावसाळा सोडून कधीही बसता येईल असा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव झाला की ओंडके ज्याला हवेत त्याने स्वखर्चाने न्यावेत. 'स्वखर्चाने' हा शब्द सेक्रेटरींनी दोनदा वाचला.

घोडं पेंड खाल्लं ते बोळीत. इमारत आणि कंपाउंडच्या भिंतीमधली आमची बोळ सव्वाचार फुटांची आहे. हायड्रा क्रेन गेटातूनच परत गेली. टेम्पोवाल्याने आणलेल्या चौघांनी ओंडका पायाने हलवून पाहिला, तो हलला नाही, मग एकमेकांकडे पाहिलं आणि ४,५०० रुपये सांगितले. रक्कम वाजवीच होती, हे मला आज कळतं. त्या वेळी मात्र माझ्या तोंडून गेलं, "तेवढ्यात मी गाडी बनवीन." चौघं हसले. त्यातला वयस्कर म्हणाला, "बनवा साहेब. मग आम्हालाच ओढायला बोलवा."

मला हवी होती ती गाडी नवी नव्हती. अमेरिकेत मिशिगनमधल्या मॅनिस्टी गावात सायलस ओव्हरपॅक नावाचा चाकं बनवणारा माणूस होता. १८७५ च्या सुमारास त्याने जंगलातले ओंडके वाहायला नऊ-दहा फूट व्यासाची चाकं करायला सुरुवात केली. तोवर तिथे ओंडके बर्फावरून घसरगाड्यांनी न्यायचे, म्हणजे हिवाळ्याची वाट बघायची. या चाकांमुळे उन्हाळ्यातही काम होऊ लागलं. कल्पना साधी आहे. दोन चाकं, मध्ये उंच आस, आणि आसाला जोडलेला लांब दांडा. दांडा आकाशाकडे उभा केला की आसावरची साखळी खाली येते. ती ओंडक्याला घट्ट बांधायची आणि घोड्यांकडून दांडा खाली ओढून घ्यायचा. दांडा खाली आला की ओंडका वर. आपल्याकडे नऊ फुटी चाकं नकोत आणि घोडेही नाहीत, म्हणून चाकं लहान घेऊन मध्ये लोखंडी कमान घालायची. ओंडका कमानीखाली, चाकं दोन्ही बाजूंना, दांडा आपल्या हातात.

(लकडी पुलावरून जाताना मी हल्ली हाच विचार करतो. पानिपतानंतर नानासाहेब पेशव्यांनी तो लाकडाचा बांधला म्हणतात. आता तो लाकडाचा राहिलेला नाही. पण त्या वेळचे सोट नदीकाठी आणले कशावरून असतील? पुलाचं नाव लाकडाला मिळालं, वाहणाऱ्यांचं कोणी विचारत नाही.)

हिशेब मी भुसार मालाच्या यादीवर मागच्या बाजूला केला. मधल्या ओंडक्याचा घेर ४ फूट, लांबी साडेसहा फूट. म्हणजे जवळपास सव्वाआठ घनफूट लाकूड. ओलं लाकूड पाण्याहून फार हलकं नसतं, तेव्हा वजन २०० किलोच्या घरात. सगळा ओंडका उचलायचाच नाही, एक टोक उचललं की पुरे, दुसरं जमिनीवर घसटत येईल. म्हणजे १०० किलो. कमानीच्या आसापासून हूक सव्वा फूट आणि दांडा साडेसात फूट धरला तर तरफ सहास एक. शंभर भागिले सहा, साधारण १७ किलो. स्वयंपाकघरातला रिकामा सिलिंडर एवढ्याच वजनाचा असतो. तो मी दर महिन्याला दारापर्यंत नेतोच. ही म्हणाली, "दारापर्यंत. आणि कण्हत."

चाकांचं काय करायचं, यावर मात्र आठ दिवस गेले. सायकलची चाकं वाकतील. मोटरसायकलच्या चाकाची आस दोन्ही बाजूंनी धरावी लागते, म्हणजे प्रत्येक चाकाला दोन पाय, आणि तेवढी जागा बोळीत नाही. हवं होतं ते एकाच बाजूने धरलेलं चाक. असं चाक मी लहानपणापासून रोज बघत आलो होतो, पार्किंगमध्ये, ताडपत्रीखाली.

अप्पांची चेतक. १९७२ साली बजाजने चेतक आणली, अप्पांनी नंबर लावला आणि गाडी घरी यायला आठ वर्षं लागली. त्या काळी हे कुणाला नवल वाटत नसे. लोक मुलीचं लग्न आणि चेतक यांचा हिशेब एकत्र मांडत. गाडी आकुर्डीत, म्हणजे घरापासून वीसेक किलोमीटरवर बनत होती आणि आमच्याकडे यायला आठ वर्षं! अप्पा हे कौतुकाने सांगायचे, तक्रार म्हणून कधीच नाही. पावसात ती सुरू होत नसे. मग अप्पा मला उतरवायचे, गाडी एका अंगावर पार आडवी कलती करायचे, तीन-चार सेकंद तशीच धरायचे आणि सरळ करून किक मारायचे. साऱ्या पुण्यात सकाळी नऊला माणसं स्कूटरींना अशी मिठी मारून वाकलेली दिसत. मी विचारलं तर म्हणाले, "जड वस्तूशी भांडायचं नाही. जरा कलती करायची."

अप्पा जाऊन सहा वर्षं झाली. गाडी त्याच्या कितीतरी आधी थांबली होती. विकायचा विषय निघाला की आई उठून आत जायची. म्हणून मी तिला घाबरत घाबरत विचारलं की पुढचं चाक काढून घेऊ का. तिने कुकर बंद केला आणि म्हणाली, "घे की. उभी राहून राहून तिचे पाय दुखले असतील."

आता तांत्रिक भाग, कारण इथे मी अक्षरशः तोंडावर आपटलो. चेतकचं मागचं चाक गिअरबॉक्सच्या शाफ्टवरच बसतं, त्यामुळे ते माझ्या कामाचं नाही. उपयोगी पडतो पुढचा हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, आणि तो एका गाडीला एकच. दुसरा शोधायला नाना पेठेत पायपीट केली, शेवटी रविवारी जुन्या बाजारात मिळाला. विकणाऱ्याने "कशाला पाहिजे?" विचारलं, मी सांगितलं, त्याने किंमत दीडपट केली. टायर तीन होते, दोन गाडीचे आणि एक स्टेपनी. पुढची-मागची चाकं सारखीच असल्यामुळे टायरांची चिंता नव्हती.

कमानीसाठी दीड इंची बी क्लास, म्हणजे मध्यम जाडीचा, लोखंडी पाइप घेतला. वाळू भरून वाकवला की पाइप चेपत नाही असं ऐकलं होतं, पण आमच्या फॅब्रिकेटरने वाळूकडे बघितलंही नाही. "कमान पाहिजे की काम पाहिजे?" असं म्हणून त्याने पाइप पंचेचाळीस अंशांत कापून चौकट जोडली. त्यामुळे माझी कमान चौकोनी आहे. शॉक ॲब्सॉर्बरच्या जागी त्याने जाड पट्टी मारली, म्हणजे चाक वरखाली नाचणार नाही. मग टॅक मारून, म्हणजे वेल्डिंगचे तात्पुरते ठिपके देऊन, दोन्ही चाकं जोडली, आणि आम्ही दोघं दोन पावलं मागे सरलो.

एक चाक पुढे होतं आणि एक मागे.

दोन्ही हब एकाच हाताचे. चेतकच्या पुढच्या चाकाची आस फोर्कच्या सरळ रेषेत नसते, फोर्कला जोडलेल्या आडव्या आर्मवर ती थोडी सरकलेली असते. दुसऱ्या बाजूला लावण्यासाठी हब फिरवला, तर तिथला आर्म उलट दिशेला गेला. दोन्ही आसांत चांगलं वीतभर अंतर. सरळ ओढली तर गाडी चालली असती. पण दांडा खाली करताना एक बाजू उचलली गेली असती आणि एक बसली असती, आणि ओंडका लंगड्या पाहुण्यासारखा आला असता. मी पुन्हा कागद काढला. फॅब्रिकेटरने माझा कागद बाजूला ठेवला, ग्राइंडर घेतला, एक पाय कापून वीतभर सरकवला आणि जोडला. दहा मिनिटं. पैसे मात्र त्याने दोन्ही वेळच्या कामाचे घेतले, आणि ते बरोबरच होतं. पहिल्या वेळी त्याने मी सांगितलं तेच केलं होतं.

पहिल्या रविवारी दांडा उभा केला, साखळी आवळली आणि दांड्याला लोंबकळलो. ओंडका सुटला. चिखलातून सुटताना त्याने मुका घेतल्यासारखा आवाज केला आणि टोक टीचभर, मग वीतभर वर आलं. ते दोनशे किलो लाकूड माझ्या एकट्याच्या वजनाने उचललं जातंय हे बघून मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. टाळी वाजवायला दोन्ही हात लागतात. ओंडका खाली बसला, दांडा सणकन वर गेला आणि माझी टोपी पेरूच्या झाडात. दांडा खाली आणल्यावर पुढच्या टोकाशी दोरीने ओंडक्याला बांधायचा असतो, हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि दोरी हातात असणं वेगळं. वरच्या गॅलरीतून आवाज आला, "कोणाचं?" लांब दांडा, बांधलेला ओंडका, पुढे एक माणूस आणि मागे दोन मुलं. विचारणं चुकीचं नव्हतं.

दुसऱ्या ओंडक्याला मी शहाणपणा केला. साखळी बरोब्बर मधोमध बांधली, म्हणजे मागचं टोक घसटणार नाही आणि गाडी हलकी चालेल. चाललीही. बोळीतून एका हाताने, अगदी लहान मुलाला शाळेत नेल्यासारखी. पण बोळ संपली की गेटपर्यंत आमच्याकडे उतार आहे. घसटणारं टोक हा या गाडीचा ब्रेक असतो, आणि तो मी स्वतःच्या हाताने काढून टाकला होता. मी पुढे, ओंडका मागे, आधी चालत, मग भरभर, मग मी दांडा सोडून बाजूला उडी मारली. ओंडका नोटीस बोर्डाच्या खांबाला जाऊन थांबला. बोर्डावर 'वाहने सावकाश चालवा' लिहिलेलं होतं, ते आता जरा तिरकं वाचावं लागतं.

तिसरा ओंडका काही सांगण्यासारखा नाही. साखळी मध्यापासून हातभर पुढे, शेपूट जमिनीवर, दांडा बांधलेला. वीस मिनिटांत गेटावर. टेम्पोत चढवायला तेच चौघं आले. वयस्कर हमालाने दांडा वरखाली करून पाहिला, टायर दाबला, "हवा कमी आहे" म्हणाला आणि पुढे काहीच बोलला नाही. मी ते कौतुक समजून घेतलं.

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये वखारवाल्याने टेप टाकला. घेर ४ फूट, त्याची चौथाई १ फूट, एक गुणिले एक गुणिले साडेसहा, साडेसहा घनफूट. मी म्हटलं, अहो, सव्वाआठ आहे. तो हसला. गोल लाकूड मोजायची जुनी रीत हीच, चौथाई घेराचा वर्ग गुणिले लांबी. त्यात खरं माप शंभराला साडेअठ्ठ्याहत्तर धरलं जातं, बाकीचं सालीत आणि भुशात गेलं समजायचं. मी वाद घालायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात लक्षात आलं की मी लाकूड विकायला आलेलो नाही, चिरायला आलोय. चिराई घनफुटावर होती. मी तोंड मिटलं.

फळ्या आता गच्चीत सावलीला रचून ठेवल्या आहेत. मध्ये पट्ट्या घालून, टोकांना जुना ऑइल पेंट फासून, म्हणजे कडा आधी वाळून चिरणार नाहीत. जाडीच्या दर इंचाला एक वर्ष असा ठोकताळा आहे. माझ्या फळ्या दोन इंची. बाक व्हायला अजून अवकाश आहे, चेतकच्या मानाने फारच कमी. खर्चाचा आकडा मी हिला सांगितला नाही. तिने वहीत बघितला, ४,५०० खाली लिहून वजाबाकी केली आणि उत्तराभोवती गोल काढला.

गाडी पार्किंगमध्ये उभी असते, चेतकच्या शेजारी. चेतकला आता पुढे विटांचा टेकू आहे. मागच्या महिन्यात सेक्रेटरी पावतीपुस्तक घेऊन आले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. दोन चाकं, हवेचे टायर, जागा अडवते, म्हणजे दुचाकी. चेतक चालत नसतानाही आम्ही तिचे पैसे दर तिमाहीला भरत आलो, मग हिचेही भरा. मी म्हटलं, एका दुचाकीचं एक चाक काढून दुसरीला लावलंय, एकूण वाढ एकाच चाकाची आहे. त्यांनी यावर खरोखर विचार केला. मग पेन काढून विचारलं, "मग वाहनाचं नाव काय लिहू?"

आई दारात उभी होती. "चेतकच लिहा," ती म्हणाली. "आणि पावती ह्यांच्याच नावाने असू दे."