तुम्ही विचारलंत म्हणून: अमेरिकन यादवीतल्या शिपायाचं घर शोधायचं कसं?

"रणांगणावर कोण पडलं ते कळतं. पण घरी मागे राहिलेल्यांचं काय झालं, हे दीडशे वर्षांनी कुठून कळतं?" अमेरिकेतल्या पेन्सिल्वेनिया राज्यातल्या फ्रँकलिन काउंटीचा (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला. उत्तर आधीच सांगून टाकतो. घर शिपायाच्या कागदांत सापडत नाही. त्याच्या बायकोच्या नाहीतर आईच्या कागदांत सापडतं. बहुतेक लोक उलट्या टोकाने सुरुवात करतात आणि मध्येच अडकतात.

फ्रँकलिन ही मेरीलँडच्या सीमेला लागून असलेली गव्हाची काउंटी, बरीचशी जर्मन आडनावांची. १८६१ ते १८६५ च्या या यादवीत संघराज्यातून फुटलेल्या दक्षिणेची फौज इथे तीनदा आली. ऑक्टोबर १८६२ मध्ये घोडदळाची धाड पडली. जून १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या लढाईआधी सैन्यच येऊन उतरलं. ३० जुलै १८६४ ला एक लाख डॉलरचं सोनं किंवा पाच लाखांच्या नोटा मागितल्या गेल्या आणि त्या मिळाल्या नाहीत म्हणून चेंबर्सबर्ग हे काउंटीचं मुख्य गाव जाळलं गेलं. त्यामुळे इथे शिपाई आणि रयत अशी वेगळी विभागणी करताच येत नाही.

शंभरेक जणांची एक कंपनी, दहा कंपन्यांची रेजिमेंट, आणि कंपनी बहुधा एकाच भागातून उभी राहायची. ऑगस्ट १८६२ मध्ये नऊ महिन्यांसाठी उभी राहिलेली १२६ वी पेन्सिल्वेनिया रेजिमेंट मुख्यतः याच काउंटीची. १३ डिसेंबरला ती फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईत होती. भाऊ, मेहुणे, शेजारी एकाच रांगेत उभे असले की एका दुपारचं नुकसान त्याच दोन-चार गावांच्या वाट्याला येतं. शोधणाऱ्याला मात्र याचा उपयोग होतो, कारण विधवेच्या अर्जावर साक्ष द्यायला पुढे येतात ते त्याच कंपनीतले वाचलेले लोक.

सेवेची नोंद आधी बघा, पण तिथे रेंगाळू नका. ती दर दोन महिन्यांच्या हजेरीपटांवरून उतरवलेली कार्डं असतात: हजर, गैरहजर, आजारी, पळाला. पट पगारासाठी भरायचे, म्हणून त्यात पगारापुरतंच लिहिलेलं. साध्या शिपायाला महिना १३ डॉलर, जून १८६४ च्या कायद्याने १६. रेजिमेंटचा क्रमांक आणि कंपनीचं अक्षर टिपून घ्या आणि पुढे चला.

खरा खजिना पेन्शनच्या फाइलीत आहे. १४ जुलै १८६२ च्या कायद्याने साध्या शिपायाच्या विधवेला महिना ८ डॉलर ठरले आणि १८६६ पासून १६ वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे आणखी २. पण हे मिळवायला लग्न झालं होतं, मुलं त्याचीच आणि नवरा सेवेमुळेच गेला, हे तिला शाबीत करावं लागे. पेन्सिल्वेनियात लग्नाचा सरकारी परवाना सुरू झाला तो १८८५ मध्ये. मग पुरावा आणायचा कुठून? पाद्र्याचा दाखला, तो नसेल तर लग्नाला हजर असलेल्यांच्या साक्षी, मुलांच्या जन्मासाठी सुईणीचं प्रतिज्ञापत्र. काही जणींनी घरच्या बायबलमधलं जन्मतारखांचं पानच फाडून पाठवलं. ते पान आजही फाइलीत आहे.

आईच्या फाइली याहून बोलक्या. मुलगा अविवाहित असेल आणि आईचं पोट त्याच्यावर चाललं होतं असं दाखवता आलं, तरच तिला पेन्शन. म्हणून आया मुलांनी छावणीतून लिहिलेली पत्रं जोडत, त्यातही पैसे पाठवल्याचा उल्लेख असलेली. गावचा दुकानदार शपथेवर सांगे की पिठाची आणि बुटांची उधारी मुलगा फेडायचा. शेजारी सांगत की बाप कामाला निकामी झालाय आणि गोठ्यात एकच गाय आहे. हे सगळं बाई दुःख मांडायला लिहीत नव्हती, कारकुनाची खात्री पटवायला लिहीत होती. म्हणूनच त्यात इतका बारकावा आला.

१८६२ मध्ये भरती झालेला पोरगा १८६० च्या जनगणनेत बापाच्या घरी किंवा दुसऱ्याच्या शेतावर गडी म्हणून सापडतो, तेव्हा शोध घ्यायचा तो बापाचा. तिथे जमिनीची आणि चीजवस्तूंची किंमत मिळते. शेतीचा तक्ता वेगळा: किती एकर वहितीत, किती घोडे, किती दुभत्या गाई, वर्षाला किती बुशेल (धान्याचं माप) गहू. मग पेन्शनची सूची. ती दोन प्रकारची आहे, एक आडनावाने आणि दुसरी रेजिमेंट-कंपनीने. दुसरीच वापरा. श्नायडरचा स्नायडर झालेला असतो, आणि एकाच नावाचे तीन चुलतभाऊ एका काउंटीत सहज निघतात. कार्डावर जखमी शिपाई, विधवा आणि अल्पवयीन मुलं यांच्या वेगवेगळ्या ओळी असतात. कागद सहसा शेवटच्या मंजूर दाव्याखाली एकत्र केलेले, म्हणून विधवेचा क्रमांक असेल तर तोच मागा. तिने पुन्हा लग्न केलं तर पेन्शन बंद होऊन पालकाच्या मार्फत मुलांची सुरू होई. १८७० च्या जनगणनेत हीच मुलं कधी कधी सावत्र बापाच्या आडनावाखाली दडलेली असतात. घर 'नाहीसं' होतं ते बहुतेक वेळा इथेच.

सीमेवरच्या काउंट्यांतल्या लोकांनी राज्याकडे नुकसानीचे दावेही दाखल केले: घोडे, गवत, कुंपणाचे वासे. आकडे दावेदारांनी स्वतः लावलेले, तेव्हा १८६० च्या शेती-तक्त्याशी ताडून बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

कृष्णवर्णीय कुटुंबांसाठी वाट वेगळी आहे. जून १८६३ मध्ये या काउंटीतून स्वतंत्र माणसांनाही पकडून दक्षिणेत गुलामीत नेलं गेलं; त्यांचा दावा कुठल्या रकान्यात बसणार? इथल्या मर्सर्सबर्गमधले कितीतरी जण ५४ व्या मॅसॅच्युसेट्स या कृष्णवर्णीय शिपायांच्या रेजिमेंटमध्ये गेले. त्यांना महिना १० डॉलर देऊन त्यातले ३ कपड्यांसाठी कापले जात. त्यांनी तो पगार नाकारला, आणि समान वेतन मिळेपर्यंत वर्षाहून जास्त काळ घरी पगाराचा एक पैसा गेला नाही. त्या काळातलं घर समजून घेताना हे धरूनच चाला.

दुसऱ्या बाजूला, दक्षिणेकडून लढलेल्या व्हर्जिनिया राज्यातल्या ऑगस्टा काउंटीत बंडखोर शिपायाच्या विधवेला संघराज्याची पेन्शन नव्हतीच. राज्याची सुरू झाली १८८८ मध्ये. तिथल्या गुलामांची १८६० च्या जनगणनेतल्या गुलामांच्या तक्त्यात नावं नाहीत, मालकाखाली फक्त वय, लिंग आणि वर्ण. पण ऑगस्टात २७ फेब्रुवारी १८६६ रोजी नवरा-बायको म्हणून राहणाऱ्या मुक्त झालेल्या जोडप्यांची नोंदवही टिकून आहे. तिच्यात दोघांची नावं, वयं, शेवटचा मालक आणि मुलं दिलेली आहेत. मालकाचं नाव मिळालं की १८६० च्या तक्त्यात त्याच्याखालची वयं सहा वर्षांनी पुढे नेऊन जुळवा. नेमकी जुळायची अपेक्षा ठेवू नका, दोन-तीन वर्षांचा फरक नेहमीचाच.