पेटी नाशिकला आली, बिघाड हबमध्ये होता

मे महिन्यात मुंबईहून कसारा घाट चढून एक टेम्पो अंबडच्या आमच्या शेडमध्ये आला. खोक्यात एका सप्लाय जहाजाचा ओडी बॉक्स, म्हणजे तेल वाटणारी पेटी. कंट्रोलेबल पिच प्रॉपेलरचा शाफ्ट फिरता असतो आणि पंपाचं तेल स्थिर पाइपातून येतं. ते फिरत्या शाफ्टच्या आतल्या नळ्यांत पोचवायचं काम या पेटीचं. एका वाटेचं तेल हबमधला (पाती ज्यात बसवलेली असतात त्या मधल्या भागातला) पिस्टन पुढे ढकलतं, दुसऱ्या वाटेचं मागे, आणि पिस्टनबरोबर पाती कोन बदलतात.

तक्रार अशी: लिव्हर जागच्या जागी असला तरी पिच, म्हणजे पात्यांचा कोन, हळूहळू सरकतं, व्हॉल्व्ह ते परत आणतो, पुन्हा सरकतं. प्रेशर पडून स्टँडबाय पंप तासात पाच-सहा वेळा सुरू होतो. जहाजावर तो, म्हणजे तेल कुठल्या वाटेला किती जावं हे ठरवणारा प्रपोर्शनल व्हॉल्व्ह, दोनदा बदलून झाला होता. चीफ इंजिनिअर फोनवर म्हणाले, "बुश नवा करा आणि शनिवारपर्यंत पाठवा." बुश म्हणजे पेटीतली स्थिर नळी; तिच्या आत शाफ्टवरचा स्टीलचा स्लीव्ह फिरतो आणि दोघांमधली फट बारीक असेल तरच तेलाच्या वाटा वेगळ्या राहतात.

"करतो साहेब. पण टाकीच्या तळातलं तेल आणि जुना रिटर्न फिल्टर मागवला होता, तो आधी उघडतो."

बुश रात्रभर मेजरिंग रूममध्ये ठेवला. पत्र्याखाली तापलेलं ब्राँझ लगेच मोजलं तर ११० मिलिमीटरच्या बोअरला (आतल्या व्यासाला) शतांश-दोन शतांशांचा फरक सहज पडतो, आणि इथे सगळा हिशेबच शतांशांचा.

तोवर फिल्टर कापला. घड्यांमध्ये विटेच्या चुऱ्यासारखा तांबडा गाळ ठासून भरलेला. असा फिल्टर तुंबला की बायपास उघडतो आणि तेल न गाळता पुढे जातं. तेल ताकासारखं पांढुरकं, म्हणजे पाणी शिरलेलं. पण कुठलं पाणी? या जहाजाच्या ऑइल कूलरमध्ये गोडं पाणी फिरतं. तेलात तेवढंच डिस्टिल्ड वॉटर घालून जोरात हलवलं, खाली बसलेलं पाणी काढलं, दोन थेंब नायट्रिक ॲसिड आणि मग सिल्व्हर नायट्रेट. क्षणात पांढरा, दह्यासारखा साका, म्हणजे पाण्यात क्लोराइड, मिठाची खूण. नुसत्या डिस्टिल्ड वॉटरवर तोच प्रयोग केला तर काहीच नाही. ही दुसरी चाचणी टाळू नये. नळाच्या पाण्यातही क्लोराइड असतं आणि तेवढ्यावरून चुकीचा निष्कर्ष निघतो. इथे पाणी समुद्राचंच होतं, आणि त्याला आत यायला एकच वाट राहिली: पात्यांच्या मुळाशी असलेली सील.

सकाळी बुश मोजला. ड्रॉइंगप्रमाणे व्यासावर ०.०८ ते ०.१० मिलिमीटर क्लिअरन्स (फट) हवा. जहाजावरून मागवलेलं स्लीव्हचं माप वजा केलं तर ०.१९ भरला. गळती फटीच्या घनाच्या पटीत वाढते, म्हणजे फट दुप्पट झाली की गळती आठपट. पुढच्या वाटेतलं तेल मागच्या वाटेत झिरपत होतं. व्हॉल्व्ह कितीही बदलले तरी पिच थांबणारच नव्हतं. बुशवर गोल ओरखडे होते. ते दिसायला भयंकर, पण एकूण घेर वाढणं त्याहून घातक. आणि भिंगातून पाहिलं तर ब्राँझच्या आतल्या मऊ व्हाइट मेटलच्या अस्तरात गंजाचे कण रुतून बसलेले. रुतलेला कण कानसेसारखा समोरचा स्टीलचा स्लीव्ह कातत राहतो. तो स्लीव्ह चार शतांशांनी उतरला होता, म्हणून नवा बुश ड्रॉइंगच्या मापाला न करता स्लीव्हच्या खऱ्या मापावर ०.०९ सोडून बोअर केला. आंधळेपणाने ड्रॉइंगचं माप घेतलं असतं तर स्लीव्हची चार शतांशांची झीज तशीच राहिली असती.

स्लीव्हच्या मापाचा डमी शाफ्ट घालून ६० बारवर चाचणी घेतली. जुन्या बुशची गळती मिनिटाला साडेदहा लिटर, नव्याची १.१.

मग पुन्हा फोन. "साहेब, हेड टँकचा व्हॉल्व्ह उघडा आहे ना?" हेड टँक म्हणजे हबमधल्या तेलावर दाब ठेवणारी उंचावरची टाकी. थोडा वेळ शांतता. सहा महिन्यांपूर्वी बंदरात पाण्यावर तेलाचा तवंग दिसला, तेव्हा कुणीतरी तो बंद केला होता. तवंग थांबला, पण धक्क्याला पंप बंद असताना हबमधल्या तेलावर दाबच उरला नाही. हब साडेतीन मीटर पाण्याखाली. तेल हलकं असल्याने तेवढ्या पाण्याला नुसतं तोलायलाही सुमारे चार मीटर उंचीचा तेलाचा स्तंभ लागतो, म्हणून टाकी पाण्याच्या पातळीहून बरीच वर असते. तो दाब तोडला की गळकी सील तेल बाहेर सोडायऐवजी पाणी आत घेते. तेलाचा तवंग दिसतो तरी. हबमध्ये शिरलेलं पाणी कुणालाच दिसत नाही.

पेटी शनिवारी गेली, पण चलनावर लिहून दिलं: ड्राय डॉकमध्ये चारही पात्यांच्या सील बदलून, टाकी आणि पाइप फ्लश केल्याशिवाय सिस्टिम चालवू नये. डॉकमध्ये हब उघडला तेव्हा दोन नंबरच्या पात्याची सील कडक होऊन बोटाच्या पेराएवढी चिरलेली निघाली. नव्या सील बसल्यावर पात्यांच्या मुळाशी पांढरी पावडर मारून, हेड टँकचा दाब देऊन, पाती या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. पावडर कोरडी राहिली. शेवटी पिच शून्यावर आणून हबवरची खूण आणि ब्रिजवरचा काटा ताडून पाहिला. त्यात अर्ध्या अंशाचा फरक होता, तो फीडबॅकच्या, म्हणजे पात्यांचा कोन काट्यापर्यंत पोचवणाऱ्या, दांड्यावर काढला.